३० गुंठे मोकळी जागा : बाग, पार्किंग की हॉल? (बागेने खरंच तब्येत सुधारते का?)

सुरंगी
मंडळी, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचे नगरसेवक या संस्थळावर वाचनमात्र असतात अशी दाट शंका आहे.

तर आमच्या वसाहतीच्या मधोमध ३० गुंठ्यांचा एक भूखंड आहे. बारा वर्षं गाजरगवत, म्हशी आणि दिवाळीनंतरचा राडारोडा एवढंच तिथे नांदत होतं. आता निधी आलाय म्हणे. मागच्या रविवारी गणपती मंदिराच्या मंडपात बैठक झाली. एक गट म्हणतो पार्किंग, दुसरा म्हणतो लग्नाचा हॉल (भाडं येईल), आम्ही सात-आठ जणी म्हणालो बाग. त्यावर एक निवृत्त काका उठले आणि म्हणाले, "बागेनं आरोग्य सुधारतं याला पुरावा काय? मी चाळीस वर्षं बागेत न जाता ठणठणीत आहे." टाळ्या पडल्या. मला उत्तर सुचलं ते रात्री भांडी आवरताना.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. काय बोलू? अनुभव, आकडे, किस्से, सगळं चालेल.

तिरकस
काकांना म्हणावं, पुरावा तुम्हीच आहात. तुम्ही बागेत येत नाही म्हणून बाकीच्यांची तब्येत चांगली आहे.

कट्टेकरी
आम्ही दादरकर, त्यामुळे हा विषय निघाला की छाती फुगते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. चार फेऱ्या मारल्या की पाच किलोमीटर झाले असं आम्ही बायकोला सांगतो. प्रत्यक्षात दीड फेरी आणि उरलेला वेळ कट्ट्यावर.

पण काकांसाठी एक इतिहास सांगतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. माणसं दाटीवाटीच्या, उजेड नसलेल्या खोल्यांत मेली. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रुंद रस्ते, दोन इमारतींत अंतर आणि मधे मोकळ्या जागा ठेवून दादर-माटुंग्याकडची वस्ती आखली गेली. फाइव्ह गार्डन्स त्यातलीच. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा ते 'माहीम पार्क' होतं, १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने नाव बदललं. म्हणजे या वस्त्यांत मोकळी जागा सोडणं हे हौसेचं काम म्हणून सुरूच झालं नाही. रोगराईवरचा उपाय म्हणून सुरू झालं. काका ठणठणीत आहेत त्यामागे कुणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी सोडलेली हवा आहे.

तिरकस
@कट्टेकरी, हे प्लेगचं चांगलं सांगितलंत. धुळीचं नाही सांगितलंत.

कट्टेकरी
लाल मातीवरून रहिवासी आणि मैदान यांचं भांडण जुनं आहे, मान्य. घरचं भांडण आहे, बाहेर काढू नये.

डॉ. काढा
पुरावा मागणारे काका मला आवडले. रुग्णांनी असं विचारलं तर निम्मी औषधं कमी होतील.

१९८४ साली रॉजर उलरिच यांनी एक छोटा अभ्यास छापला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. अलीकडचा, २०१९ सालचा इंग्लंडमधला अभ्यास सुमारे वीस हजार लोकांचा. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. सलग १२० च हवीत असंही नाही, तुकड्यातुकड्यांत चालतात.

आणि मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम करावा हे तर जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मी रोज वीस जणांना 'चाला' असं लिहून देतो. कुठे चाला ते लिहायला कागदावर जागा नसते आणि गावातही.

तिरकस
डॉक्टरसाहेब, तुमच्या वीस हजारांत एक गोची आहे. ज्यांची तब्येत बरी आहे तेच बाहेर फिरतात. गुडघे गेलेला माणूस घरी बसतो. बागेमुळे तब्येत की तब्येतीमुळे बाग? शिवाय बागेशेजारी फ्लॅट घेणाऱ्यांकडे पैसे असतात, आणि पैशाने तब्येत सुधारते हे सांगायला अभ्यास लागत नाही.

डॉ. काढा
एकदम बरोबर पकडलंत. म्हणूनच अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं उदाहरण मी हुकमाच्या पत्त्यासारखं मागे ठेवलं होतं.

तिथे गरीब वस्त्यांमध्ये पडीक, कचऱ्याने भरलेले हजारो भूखंड आहेत. त्यातले ५४१ निवडले आणि अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटातल्या जागा साफ करून, जमीन सपाट करून गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं, आत जायला वाट ठेवली. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसऱ्यात काहीच नाही. आजूबाजूच्या लोकांना आधी आणि नंतर त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. हिरव्या केलेल्या जागांजवळ 'उदास वाटतं' म्हणणारे ४१.५ टक्क्यांनी घटले. अगदी गरीब मोहल्ल्यांत तर ६८ टक्क्यांहून जास्त. नुसता कचरा उचलला तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं.

आता तुमच्या बैठकीसाठी कामाची गोष्ट. एका भूखंडाला सुरुवातीचा खर्च साधारण १६०० डॉलर आणि पुढे वर्षाला १८० डॉलर. कारंजं नाही, पुतळा नाही, सेल्फी पॉइंट नाही.

सुरंगी
सेल्फी पॉइंट आमच्या आराखड्यात आहे. 'आय लव्ह' आणि पुढे वसाहतीचं नाव. लाल बदाम.

ठेकेदारपुत्र
आलाच का बदाम! तो आम्हीच पुरवतो. (आम्ही म्हणजे वडील. मी नुसता फॅब्रिकेशनवाल्याला फोन करतो.)

ताई, आतली गोष्ट सांगतो. बाग करायला पैसा असतो, बाग ठेवायला नसतो. दोन वेगळे खिसे आहेत. पहिला भांडवली खर्च: एकदा टेंडर, एकदा बिल, एकदा उद्घाटन, दगडावर नावं. दुसरा देखभालीचा: माळी, पाणी, दिवे, रखवालदार, तुटलेला झोका. दुसऱ्या खिशातून काही काढलं तर फोटो निघत नाही. म्हणून सगळे पहिल्या खिशात जे मावेल ते मागतात. पेव्हर ब्लॉक का एवढे घालतात? कारण त्याचं मोजमाप सोपं, बिल चौरस मीटरवर निघतं. झाडाच्या सावलीचं बिल कसं काढायचं?

लॉनचंही तेच. रोल आणून अंथरला की दुसऱ्या दिवशी हिरवंगार, साहेब खूश. दोषदायित्वाची मुदत (तोवर काम बिघडलं तर दुरुस्ती ठेकेदाराने करायची) संपली की आम्ही टँकर थांबवतो. मेपर्यंत काथ्या.

तुम्ही बैठकीत एकच विचारा: माळ्याचा पगार कुठल्या हेडमधून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून? सगळे गप्प होतील.

रानवारा
@ठेकेदारपुत्र, तुम्ही या संस्थळावरचे सगळ्यात प्रामाणिक आयडी आहात. वडिलांना सांगू नका.

वैदर्भी ऊन
राजेहो, पुण्यामुंबईच्या गोष्टी ऐकून हसू येते. आमच्याकडं मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते. लॉन कायचं घेऊन बसले? आमच्या इथं एका बागेत पेव्हर, स्टीलचे बाक अन् स्टीलची घसरगुंडी. संध्याकाळी सहा वाजता बी पोरगं घसरगुंडीवर बसलं की बोंबलते. सावली मागा. कडुनिंब, करंज लावा, खाली साधी माती ठेवा, काही करू नका.

रानवारा
वैदर्भी ऊन यांना अनुमोदन. झाडांवरून राहवत नाही म्हणून अवांतर. नर्सरीवाले पटकन वाढतं म्हणून कोनोकार्पस देतात, घेऊ नका. गुजरातने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. सप्तपर्णी दिसायला देखणी, पण रांगेने लावली की दिवाळीच्या सुमारास त्या वासाने निम्मी गल्ली डोकं धरून बसते. बहावा, ताम्हण (आपलं राज्यफूल आहे हो ते!), करंज, कडुनिंब. वड-पिंपळ ३० गुंठ्यांत एकच, कोपऱ्यात, पार बांधून.

कट्टेकरी
सप्तपर्णीचा वास मला आवडतो.

रानवारा
तुम्हाला लाल मातीची धूळही आवडते.

लय भारी
आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला या, मग बोला आरोग्याचं. पहाटे पाचला गर्दी. एक फेरी मारायची, वजन दोनशे ग्रॅम कमी. मग मिसळ खायची, वजन तीनशे ग्रॅम जास्त. नाद खुळा हिशोब हाय.

पण खरं सांगू का भावांनो, वडील गेल्यावर आमची आई घरात गप्प बसायची. शेजारच्या काकूंनी ओढून रंकाळ्यावर न्यायला सुरुवात केली. चालणं किती झालं देव जाणे. पण तिथं पाच-सहा जणींचा कंपू जमला. आता एक दिवस गेली नाही तर फोन येतात, "आज का आली नाहीस?" आम्ही पोरं असून आम्ही कधी असं विचारलं नव्हतं.

डॉ. काढा
हे आमच्या कुठल्याच तपासणीत येत नाही, पण माझ्या मते बागेचा निम्मा फायदा इथेच आहे. हास्य क्लबांचंच बघा. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, लोखंडवालाच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया पाच जणांना घेऊन हसायला उभे राहिले. आज जगभर आहेत. बंद हॉलमध्ये पाच माणसं अशी हसली असती तर रखवालदाराने पोलीस बोलावले असते.

तिरकस
आमच्या बागेतल्या हास्य क्लबामुळे सकाळी सहाला जाग येते. माझं आरोग्य कोण बघणार?

मावशीबोली
सगळे चालण्यावर बोलताहेत. मी एका कुलपावर बोलते.

माझ्या सासूबाई, वय ७१, साखर बारा वर्षांपासून. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर बाग आहे, छान आहे, मुरमाचा ट्रॅक आहे. रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायच्या. तीन महिन्यांची साखर सातच्या आसपास आली होती, डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा. मग बागेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप लागलं. कारण काय, तर 'गैरवापर होतो'. किल्ली रखवालदाराकडे. साखरेच्या माणसाला चाळीस मिनिटांत एकदा जावंच लागतं. आता सत्तरीच्या बाईने खाकी कपड्यातल्या पोरसवदा मुलाकडे जाऊन किल्ली मागायची आणि तो म्हणणार, "आजी, लवकर या हं, मला हजेरीला जायचंय." दोनदा मागितली. तिसऱ्या दिवसापासून पंधरा मिनिटांत परत यायला लागल्या. मग गुडघे दुखतात म्हणाल्या. मग जाणंच बंद. गुडघे दुखत नव्हते, मला सहा महिन्यांनी सांगितलं. तोवर साखर नऊच्या वर.

तर सुरंगी, बाग मागताना आधी संडास माग. उघडा, पाण्याचा, आत खुंटी असलेला. खुंटी पण लिहून घे. पर्स, काठी कुठे ठेवायची?

सुरंगी
मावशी, खुंटी लिहून घेतली. आराखड्यात बघितलं, स्वच्छतागृह 'दुसरा टप्पा' मध्ये आहे. कारंजं पहिल्या टप्प्यात.

डॉ. काढा
कारंजं काढून टाका! चालू असेल तर ठीक. पण तुम्ही चालू राहिलेलं सरकारी कारंजं पाहिलंय? साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं बाळंतपणाचं घर. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास. आरोग्यासाठी बाग आणि बागेतून डेंग्यू, असं नको.

ठेकेदारपुत्र
कारंजं काढू नका हो, पंपात मार्जिन असतं.

(गंमत. काढा.)

सदाशिव२
माझं मत वेगळं आहे, शिव्या खायला तयार आहे. आमच्याकडे रस्त्यावर दुतर्फा गाड्या. मागच्या वर्षी शेजारच्या इमारतीत एकांना हार्ट अटॅक आला, अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावर अडकली, स्ट्रेचर हातावर आणावं लागलं. पार्किंगसुद्धा आरोग्यच आहे. बागवाले पार्किंग म्हटलं की नाक मुरडतात, आणि बागेत यायला गाडी घेऊन येतात.

कट्टेकरी
शेवटचं वाक्य झोंबलं. खरं आहे.

सिंगापूरचा बंड्या
सदाशिव२, मुद्दा रास्त आहे, पण ३० गुंठ्यांत गाड्या मावून मावून किती मावणार? तेवढ्या पुढच्या दोन वर्षांत नव्या येतील.

इथे एक गोष्ट रोज बघतो ती सांगतो. बिशान भागात कल्लांग नदीचा सिमेंटचा सरळसोट नाला होता, २.७ किलोमीटर. २०१२ सालापर्यंत तो फोडून वळणावळणाची सुमारे ३ किलोमीटरची नदी केली, काठाला ६२ हेक्टरची बाग. पाऊस आला की पाणी बागेत पसरतं, ओसरलं की लोक परत गवतावर. बागेला कुंपण नाही, फाटक नाही. रात्री अकराला नोकरीवरून येताना मी त्यातूनच घरी जातो. भारतात आलो की पहिला धक्का बसतो तो बागेच्या वेळांच्या पाटीचा. बाग 'बंद' कशी असू शकते?

सुरंगी
बंड्या, अगदी! आमच्या गावातल्या दुसऱ्या बागेची पाटी: सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ४ ते ८. त्याखाली १४ सूचना. हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये, डबा खाऊ नये, फुले तोडू नयेत, आणि शेवटची 'बागेचा आनंद घ्यावा'.

पायरी
बऱ्याच वर्षांनी लिहितेय, एरवी नुसती वाचते.

आमच्या सोसायटीत पोळ्याभांड्यांना येणाऱ्या ताई सकाळी सातला घर सोडतात. सहा घरं. चार घरं दीडपर्यंत संपतात, उरलेली दोन साडेतीननंतर. मधे घरी जायचं तर रिक्षाचे येऊन-जाऊन साठ रुपये. म्हणून त्या दोन तास आमच्या जिन्याच्या पायरीवर बसतात. तिथेच डबा. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचीही तक्रार झाली, 'बायका जिन्यात गप्पा मारतात'. समोर बाग आहे. आत करंजाची मस्त सावली, बाक रिकामे, फाटकाला साखळी. पार्सल पोचवणारी मुलंही फाटकाबाहेर गाडीवर पाय टाकून उन्हात झोपलेली असतात.

ज्यांच्या घरी पंखा, एसी, बाल्कनी आहे त्यांच्यासाठी बाग सकाळ-संध्याकाळ उघडी. ज्यांना दुपारी सावलीची गरज आहे त्यांच्यासाठी बंद. मग आरोग्य कुणाचं सुधारतंय?

मावशीबोली
पायरी, लिहीत जा गं.

सदाशिव२
दुपारी उघडी ठेवली की जोडपी येऊन बसतात. मग कुटुंबवत्सल लोक येत नाहीत. हा अनुभव आहे.

तिरकस
जोडपी बसल्याने नक्की कुणाची तब्येत बिघडते?

लय भारी
काकांचं बीपी वाढतंय.

सदाशिव२
वाढतं! कबूल.

रानवारा
जोडप्यांनाही कुठेतरी बसायला जागा हवीच ना. आपल्याकडे घरात जागा नाही, हॉटेलात बिल येतं, बागेत काका. शिवाय दुपारी जास्त माणसं आली की तीच जागा सुरक्षित होते. रिकामी बाग जास्त भीतीदायक.

कट्टेकरी
आणि कबुतरं. कबुतरांबद्दल कुणी काही बोललं नाही अजून.

प्रशासक
कबुतरांसाठी तीन धागे आधीच आहेत, तिन्ही कुलूपबंद. इथे नको. मूळ प्रश्नाकडे या.

वैदर्भी ऊन
मूळ प्रश्न काय होता?

तिरकस
काका ठणठणीत का आहेत.

डॉ. काढा
सुरंगी, ओपन जिमबद्दल राहिलं. ती यंत्रं वाईट नाहीत, पण बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांत बेअरिंग जातं आणि एअर वॉकर (उभं राहून पाय पुढेमागे हलवायचं यंत्र) म्हणजे पोरांचा झोपाळा होतो. माझ्या एका रुग्णाची बोटं त्यात चेमटली होती. तेवढ्या पैशात पाठ टेकायला असलेले आणि हाताला दांडी असलेले बाक घ्या. गुडघेवाल्या माणसाला उठताना धरायला दांडी लागते. 'दर शंभर पावलांवर बसायला मिळेल' एवढा भरवसा असला की म्हातारी माणसं बाहेर पडतात.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. उद्या बैठक. एका पानावर लिहिलंय: माळी कुठल्या हेडमधून, संडास पहिल्या टप्प्यात (खुंटीसह), कारंजं नको, पेव्हर नको मुरूम हवा, दांडीचे बाक, देशी झाडं, दुपारी उघडं. फिलाडेल्फिया तोंडपाठ केलंय. बदामाला हात लावला नाही, तो नगरसेवकांचा जीव आहे.

ठेकेदारपुत्र
बदाम वाचवल्याबद्दल वडिलांतर्फे आभार.

सुरंगी (पाच महिन्यांनी)
धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

पार्किंग हरलं, पण पूर्ण नाही: रस्त्याच्या कडेने आठ गाड्यांची पट्टी सोडली आणि अ‍ॅम्ब्युलन्सला वळायला कोपरा (सदाशिव२, तुमचा मुद्दा मी तुमचं नाव न घेता चोरला). कारंजं गेलं. संडास झाला, पाणी आहे, खुंटी नाही. मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस रुपयांची आणून मिस्त्रीकडून ठोकून घेतली. बाक दहा मागितले, सहा आले, दांडी चारांनाच. करंज, बहावा लावलेत, अजून कमरेइतके आहेत, तेव्हा सावलीला आहे ती एकच जुनी चिंच. बदाम आहे. रात्री पेटतो.

माळ्याच्या पगाराचं विचारलं तेव्हा खरंच सगळे गप्प झाले. आठ महिन्यांची ऑर्डर निघाली आहे. पुढचं पुढे.

पुराव्यावाले काका रोज येतात. फिरत नाहीत, चिंचेखालच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरावा मागतात.

मावशीबोली
खुंटीबद्दल तुला पुरणपोळी. आणि दुपारचं काय झालं?

सुरंगी
पाटी लागली. ११ ते ४ बंद.

मोठ्या फाटकाला साखळीही लागली. चिंचेच्या बाजूला एक छोटं फाटक आहे, त्याची कडी नीट बसत नाही. रखवालदारदादा म्हणतात दुरुस्तीला सांगितलंय. दुपारी आत सात-आठ डबे उघडलेले असतात. याहून जास्त लिहीत नाही, वाचनमात्र मंडळी असतात.

पायरी
🙏

ठेकेदारपुत्र
कडी दुरुस्तीचं काम आमच्याकडेच आलंय. कुठलं फाटक ते काही सापडत नाहीये.